जमीन कुठे आहे?

मी फळ्यावर चुकलो. चुकणं मला नवीन नाही, आमच्या घरी तर ती माझी नेमून दिलेली भूमिका आहे. पण त्या दिवशी माझी चूक काढली ती समोरच्या साठ मुलांपैकी एकानंही नाही. ती काढली खिडकीच्या बिजागरीला तेल घालायला आलेल्या माणसानं.

विषय होता फेकलेल्या वस्तूचा उड्डाणकाळ. चेंडू भिरकावला तर तो किती वेळ हवेत राहील, एवढंच. अकरावी-बारावीच्या फिजिक्समधलं हे त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचं गणित. चेंडू वर जायला किती वेळ लागतो ते काढा, दुप्पट करा, उत्तर तयार. वर जायला जेवढा वेळ, खाली यायला तेवढाच. हे वाक्य मी वीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय, की सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे मी ते झोपेतही म्हणतो आणि वर फळा पुसल्यासारखा हातही फिरवतो.

त्या दिवशीचा चेंडू मात्र गच्चीवरून फेकलेला होता. गच्ची पंचवीस मीटर उंच, वेग सेकंदाला चाळीस मीटर, कोन तीस अंशांचा. म्हणजे वरच्या दिशेचा वेग वीस, वर जायला दोन सेकंद. आणि मी, डब्याची वेळ झाली होती म्हणा किंवा अक्कल फिरायला गेली होती म्हणा, ऐटीत दुप्पट केली आणि उत्तराभोवती चौकट काढली. चार सेकंद.

"सर," खिडकीतून आवाज आला, "जमीन?"

मी वळलो. स्टुलावर उभे, हातात तेलाची कुपी, अंगात निळा कोट. आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस.

"काय म्हणालात काका?"

"जमीन कुठे आहे? चार सेकंदांत चेंडू गच्चीपाशी आला. अजून पंचवीस मीटर उतरायचंय त्याला. तुम्ही मधेच लटकवून ठेवलाय."

वर्ग असा हसला की शेजारच्या केमिस्ट्रीच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. मी चौकट पुसली, समीकरण मांडलं, पाच सेकंद उत्तर काढलं आणि म्हटलं, "शाबास. वर्गात एक तरी माणूस जागा आहे, आणि तोही स्टुलावर." काका हसले नाहीत. बिजागरीत आणखी एक थेंब सोडून, स्टूल उचलून निघून गेले.

या काकांबद्दल आधी सांगायला हवं. आमच्या कॉलेजात प्राचार्य चार बदलले, पण काका एकच. उंची बेताची, मिशी बेताची, बोलणं बेताचं; बेताबाहेर एकच गोष्ट होती, ती म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. स्टॉपवॉचवरचा असा अंगठा मी दुसरा पाहिला नाही. प्रयोगशाळेत एक स्प्रिंगची छोटी तोफ आहे, टेबलाच्या कडेला बसवलेली. तिच्यातून पोलादी गोळी उडते आणि खाली फरशीवर ठेवलेल्या ट्रेमधल्या कार्बन पेपरवर पडते. काका डाव्या हातानं तोफेचा खटका ओढत आणि त्याच क्षणी उजव्या अंगठ्यानं घड्याळ चालू करत. गोळी ट्रेमध्ये वाजली की बंद. मग घड्याळात जो आकडा दिसेल त्यातून शून्य पूर्णांक दोन सेकंद वजा करत. "हे अंगठ्याचे," म्हणत. आवाज कानावर पडून अंगठा हलेपर्यंत जो वेळ जातो, तो गोळीच्या नावावर कशाला? राहिलेला आकडा पाठ्यपुस्तकातल्या उत्तराच्या इतका जवळ येई, की बाहेरून येणारे परीक्षक घड्याळ उलटंपालटं करून बघत.

त्यांचे दोन नियम होते. पहिला: खटका ओढण्याआधी प्रत्येक मुलाला विचारायचं, "जमीन कुठे आहे?" मुलगा ट्रेकडे बोट दाखवी. नुसतं बोट चालत नसे, त्यानं पायानं फरशीवर दोनदा टकटक करायची. कारण मुलं टेबलालाच जमीन समजतात, दुप्पट करतात आणि फसतात. दरवर्षी नव्या मुलांना हा प्रकार वेडगळ वाटे, आणि दरवर्षी तोंडी परीक्षेत तीच मुलं परीक्षकासमोर खुर्चीत बसल्याबसल्या टाचा आपटत.

दुसरा नियम: गोळी पडल्याशिवाय वहीत आकडा लिहायचा नाही. हुशार मुलं आधीच हिशेब करून उत्तर लिहून मोकळी होत, आणि काका येऊन ते शांतपणे खोडरबरानं पुसत. "पडू तर दे तिला आधी," म्हणत. "हवेत आहे तोवर काही खरं नाही."

त्यांना 'अंगठाकाका' हे नाव मी ठेवलं. स्नेहसंमेलनाच्या भाषणात ठेवलं, टाळ्या मिळाल्या, नाव कॉलेजभर झालं. त्या नावातून अंगठा उठवणाऱ्या अडाणी माणसाचा वास येतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. काकांच्या आलं होतं.

तर, मी फळ्यावर आपटलो त्याच दिवशी डबा खायला मी प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत गेलो. तराजूच्या पेट्या, फुटक्या भिंगांचा खोका, आणि एका स्टुलावर काका.

"काका, गणित बरं ओळखलंत!"

"ते मला माहीत आहे सर," डब्यात बघत ते म्हणाले. "त्याच गणितानं मला नापास केलंय."

पस्तीस वर्षांपूर्वी, याच कॉलेजातून, काका बारावी सायन्सला बसले होते. बाकी सगळे विषय सुटले, फिजिक्समध्ये एकतीस. पास व्हायला पस्तीस. पेपरात पाच गुणांचं एक गणित होतं, गच्चीवरून फेकलेल्या चेंडूचं. काकांनी दुप्पट करून चौकट काढली होती.

"मग पुन्हा बसला नाहीत?"

"बसणारच होतो. तेवढ्यात इथे जागा निघाली. दहावीवर भरत होते. म्हटलं, रोज फिजिक्सच्याच खोलीत असणार, पुढच्या वर्षी देऊ. मग लग्न ठरलं." पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून बसले. "मुलगी बघायला गेलो तेव्हा माझे मामा बोलून गेले, मुलगा बारावी सायन्स पास. मी काही बोललो नाही."

"अहो, लग्नात लोक काय काय सांगतात! माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, मुलगा मितभाषी आहे."

काका थोडे हसले. "तिनं त्यावरच होकार दिला ना सर."

काकूंना आणखी एक स्थळ आलेलं होतं. मोठं दुकान, दोन मजली घर. काकूंना स्वतःला दहावीनंतर शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नव्हतं. त्यांनी दुकान नाकारलं आणि सायन्स पत्करलं. आणि त्या दिवसापासून काका रोज सांगायचं ठरवत होते. मूल झाल्यावर सांगू, मूल शाळेत गेल्यावर सांगू, मूल बारावी झाल्यावर सांगू. मुलगी बारावी झाली, नर्स झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. सांगायचं ते राहिलंच.

"मग आज कशाला उकरून काढताय?"

"तिला धाप लागते हल्ली. हृदय मोठं झालंय म्हणाले. डॉक्टर तिला समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, 'मला काय कळतंय? यांना सांगा, हे सायन्सचे आहेत.' डॉक्टर माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत सुरू झाले. तुम्हाला तर कळतंच आहे, म्हणाले. मी मान हलवली." काकांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. "घरी येताना जिन्यात थांबत थांबत चढत होती, आणि मला म्हणते, बरं झालं तुम्ही शिकलेले आहात. सर, मला तो विषय सोडवायचाय. तिच्या हातात गुणपत्रिका ठेवायची आणि सांगायचं: तेव्हाचं खोटं होतं, हे आता खरं केलं."

मी म्हटलं, नुसतं सांगून टाका की, तीसेक वर्षांचा संसार झाला, आता काय काकू दुकानदाराकडे जाणार आहेत?

"नुसतं तोंडानं?" काका म्हणाले. "पुरावा नको?"

कार्यालयातल्या कारकूनबाईंनी जुनी दप्तरं उपसली, नियम पाहिले आणि शिंकत शिंकत सांगितलं की एकच विषय राहिला असेल तर तो देता येतो. परीक्षेला पाच महिने होते. आणि अशा रीतीनं चौपन्नाव्या वर्षी काका माझे विद्यार्थी झाले. शाळा सामानाच्या खोलीत, वेळ डब्याची.

विद्यार्थी म्हणून ते भयंकर होते. मुलं निदान न समजता मान डोलावतात. हा माणूस डॉक्टरांसमोर मान हलवून पस्तावला होता, त्यामुळे माझ्यासमोर ती हलवायलाच तयार नव्हता. गच्चीचं गणित घातलं. समीकरण नीट मांडलं त्यांनी, दोन उत्तरं आली: पाच आणि उणे एक.

"उणे एक खोडा," मी म्हटलं.

"का?"

"वेळ उणा नसतो काका."

"मग आला कुठून?"

मी घास गिळला. "असं समजा, हा चेंडू गच्चीवरून फेकलाच नाही. तो खालून, जमिनीवरून उडाला आणि याच वेगानं गच्चीपाशी पोचला. तर तो जमिनीवरून एक सेकंद आधी निघाला असणार. तो हा उणे एक."

"म्हणजे उत्तर खोटं नाही. नुसतं आधीचं आहे."

"हो. पण आधीचं आपल्या काय कामाचं? खोडा."

त्यांनी खोडलं. पण इतकी हलकी रेघ मारली की आकडा खाली स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, "परीक्षकाला दोन्ही दाखवून, पसंत पडेल ते घ्या म्हणणार आहात का?" तेव्हा कुठे दुसरी रेघ आली.

मधल्या काळात मी एकदा त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि यंत्रामागे गळ्यात टेप घातलेल्या काकू. अंग वाळलेलं, पावलं सुजलेली, जीभ मात्र ठणठणीत.

"या सर, बसा. तो ढीग सरकवा, गणवेशच आहेत, चावत नाहीत. अहो, सरांना चहा टाका. आणि घड्याळ लावून टाकू नका, नाहीतर उकळायच्या आत बंद कराल, दोन दशांश वजा करून!"

काका आत पळाले. काकू माझ्याकडे झुकल्या. "तुमच्याकडे फार काम असतं का हो यांना? डब्याच्या वेळेलाही थांबवता म्हणे."

"नवीन उपकरणं आलीत," मी सरावल्यासारखा खोटं बोललो. या घरात खोटं बोलणं भारीच सोपं जात होतं. समोरचं माणूस इतकं विश्वासानं ऐकत होतं.

"करू दे, करू दे. एवढं शिकलेला माणूस, नशिबानं मदतनिसाच्या कोटात राहिला. पण मला त्याचं काही नाही. माझे वडील म्हणत होते, दुकानवाला बघ. मी म्हटलं, दुकान काय, एका काडीत जातं. शिकलेलं कुठे जातंय? एका दमात बारावी झालेत हे. इथे या गल्लीत शोधून दाखवा त्या वेळचा दुसरा."

आत कपबशी वाजली. काका ट्रे घेऊन आले तेव्हा अर्धा चहा बशीत होता.

"बघा," काकू म्हणाल्या, "सायन्सवाले! अहो, आज किती चेंडू पाडलेत?"

"तेवीस," काका म्हणाले.

"त्यातले नेमके किती?"

"एकवीस."

"दोन कुठे गेले?"

"मुलांनी उचलले, बघायला."

हे त्यांचं रोजचं होतं असं दिसलं. त्या विचारणार, काका आकडा सांगणार, त्या उरलेल्यांचा जाब मागणार.

परीक्षेला महिना उरला तेव्हा काकूंनी शिवणयंत्रावर कापड टाकलं आणि पलंग धरला. मुलगी रजा घेऊन आली. काका तरीही डब्याच्या वेळेला यायचे. एके दिवशी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मला त्यांच्या अक्षरात काही लिहिलेलं दिसलं. धाप सुरू झाल्यापासून अंथरुणाला खिळेपर्यंत पाच महिने. त्यापुढे: आणखी पाच. त्यापुढे: परीक्षा एक, निकाल त्यानंतर दोन. एकूण तीन. शिल्लक दोन महिने. खाली चौकट.

मी वही उलटून पुन्हा गणिताच्या पानावर आणली. माणूस आपल्या धीरासाठी काहीतरी मांडतो, त्यात मास्तरानं तोंड घालू नये, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला त्या मांडणीत काही चूक दिसलीच नाही. फळ्यावर तरी कुठे दिसली होती?

प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होती, आणि तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. सकाळी काकांनी निळ्या कोटात सगळी टेबलं मांडली, तोफ पुसली, ट्रेमध्ये नवा कार्बन घातला. मग कोट खुंटीला अडकवला, मागच्या दारानं बाहेर गेले, पुढच्या दारानं आत आले आणि सतरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, हातात प्रवेशपत्र घेऊन उभे राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांना काही कल्पना नव्हती. त्यांनी हाक मारली, "अहो काका, दोरा आणा जरा!" काका रांगेतून निघाले, दोरा दिला, परत रांगेत. "काका, तो पंखा!" पंखा लावून परत रांगेत. तिसऱ्या वेळी परीक्षक वैतागले, "तुम्ही सारखे मुलांच्यात का घुसता?" तेव्हा रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांचा नंबर माझ्यानंतर आहे."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. काकांच्या वाट्याला नेमकी तोफ आली. खटका ओढण्याआधी त्यांनी पायानं दोनदा फरशी वाजवली, आणि काय सांगू, सगळ्या रांगेनं त्यांच्याबरोबर वाजवली.

लेखी पेपर आठवड्यानं झाला. मी फाटकाशी उभा होतो. मुलांच्या लोंढ्यातून काका आले. चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या हातात मूल दिलंय आणि ते पडू नये म्हणून जपून चालायचंय.

"आलं होतं सर."

"काय?"

"गच्चीचं. आकडेसुद्धा बरेचसे तेच."

"आणि?"

"जमीन विचारली," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलं भोवती जमली होती. "काका, पार्टी!" वगैरे ओरडत होती. त्या गोंधळात काकांनी माझी बाही धरली. "सर, आज जाऊन सांगून टाकू का तिला? आज ती जरा बरी आहे. सकाळी उशीला टेकून बसली होती. का निकाल लागल्यावर सांगू?"

मला आनंद झाला होता, भोवती श्रोते होते, आणि समोर आयता विनोद होता. एवढं जमून आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसत नाही.

"काका," मी मुलांकडे बघत मोठ्यानं म्हटलं, "गोळी हवेत असताना वहीत आकडा कोण लिहितं? आणा रे खोडरबर!"

मुलं खो खो हसली. काकाही हसले. मग गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे सर. पडू तर दे आधी." आणि पिशवी सावरत घरी गेले.

आजवर मी शेकड्यांनी विनोद केले असतील. बरेचसे पडले, त्याचं दुःख नाही. हा एक पडला असता तर बरं झालं असतं.

काकू त्यानंतर पाच आठवड्यांनी गेल्या. दुपारची वेळ, मुलगी औषध आणायला खाली गेलेली, काका शेजारी. धाप वाढली, काकांनी पाठीशी हात घातला, आणि त्यांच्या हातातच सगळं थांबलं. निकालाला तीन आठवडे होते.

मी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं दाटीनं बसली होती. कुणीतरी शिवणयंत्र भिंतीकडे ढकललं होतं. त्यावरच्या कापडाखाली एक गणवेश अर्धा शिवलेला राहिला होता, एकाच बाहीचा. मुलगी येणाऱ्याजाणाऱ्यांना आईबद्दल सांगत होती. रडत नव्हती, नुसती सांगत होती, जसं काही बोलायचं थांबलं की घर कोसळेल.

"शेवटच्या दिवसांतसुद्धा हॉस्पिटलात तपासणीला नेलं की नव्या नर्सला सांगायची, माझे मिस्टर सायन्सचे आहेत, एका दमात झालेत. मी म्हणायची, आई, पुरे गं. तर म्हणायची, अगं, मी आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या पसंतीनं निवडली, सांगू नको तर काय करू?"

काका खिडकीशी उभे होते. मी जवळ गेलो.

"सर," ते खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी दुप्पट केली. चढायला पाच महिने लागले, म्हटलं उतरायलाही पाच. सगळ्या पोरांना पस्तीस वर्षं विचारलं, जमीन कुठे आहे. डॉक्टर समोर उभे होते. त्यांना विचारायची राहिली."

"काका..."

"विचारलं असतं तर कळलं असतं ना, की याला काही समजलेलं नाही. सायन्सचा ना मी."

गच्चीवरून फेकलेल्या चेंडूला जमीन लांब असते, म्हणून तो दुपटीहून जास्त वेळ घेतो. पण जमिनीवरून फेकलेला चेंडू गच्चीवर पडला, तर त्याला दुप्पट वेळही मिळत नाही. हे गणितही मी शिकवतो. दुसऱ्या आठवड्यात शिकवतो. काकांना शिकवायचं राहिलं होतं, परीक्षेला फारसं येत नाही म्हणून.

मला म्हणायचं होतं की चूक त्या फाटकाशी झाली आणि ती माझी होती. ते मी त्या दिवशी म्हटलं नाही. पुढे महिन्याभरानं म्हटलं, तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही नुसतं बोललात सर. ऐकायचं होतं मला तेच." यात त्यांनी मला सोडलं की धरलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निकाल लागला. फिजिक्स: त्रेपन्न. कारकूनबाईंनी गुणपत्रिका हातात दिली, दोन शब्द बोलायला गेल्या आणि नुसत्याच शिंकल्या. काकांनी ती घडी न घालता, कार्बन पेपरच्या रिकाम्या खोक्यात सपाट ठेवून घरी नेली. मग त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवायचा अर्ज केला. मला कळेना, पास झालेला माणूस हे कशाला करतो. पण त्यांना ते एक पान बघायचं होतं.

प्रत आली. सामानाच्या खोलीत आम्ही दोघांनी उघडली. गच्चीचं गणित सुरेख मांडलेलं होतं. शेवटी दोन उत्तरं. उणे एकवर दोन रेघा. पाच सेकंद. आणि त्याखाली, काकांच्या टपोऱ्या अक्षरात: 'अंगठ्याचे ०.२ वजा. उत्तर: ४.८ सेकंद.' त्याभोवती परीक्षकाची लाल खूण, एक भलंमोठं प्रश्नचिन्ह आणि पाचपैकी चार गुण.

मला हसू आलं. आवरेना. काकांनीही कागदाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. हसतायत असं वाटलं, खांदे हलत होते. मग ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी दार लोटलं आणि बाहेरच्या वर्गाला उगाचच गप्प राहायला सांगितलं, तो गप्पच होता तरी.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "तिला हे सांगितलं असतं ना सर, तर वर्षभर पुरलं असतं. त्या दोन दशांशांचा जाब विचारत बसली असती."

नवं वर्ष सुरू झालं. नवी मुलं आली, तोफ टेबलाच्या कडेला बसली. मी दारात उभा होतो. पहिला मुलगा पुढे आला. चष्म्याचा, चुणचुणीत, त्यानं आधीच हिशेब करून आकडा काढला होता आणि वहीवर हात ठेवून तो झाकत होता. काकांच्या नियमाची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचलेली असावी.

"जमीन कुठे आहे?" काकांनी विचारलं.

मुलानं फरशी वाजवली.

"किती वेळ येईल?"

मुलगा गोंधळला. "पडल्यावर लिहितो काका."

"लिहून झालंय तुझं. हात काढ."

मुलानं हात काढला आणि खोडरबराची वाट बघत राहिला. काकांनी वही वाचली. खोडरबर खिशातच राहिलं.

"मोठ्यानं सांग."

"पण काका, चुकलं असेल तर?"

"चुकू दे," काका म्हणाले. त्यांचा डावा हात खटक्यावर होता, उजवा अंगठा घड्याळावर. "सांगून टाक आधी. मग सोडतो."

मुलानं आकडा सांगितला.